शालेय इंटरनेट-फिल्टर आणि विद्यार्थ्यांचे माहितीस्वातंत्र्य : एक चिकित्सा

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे शिक्षणक्षेत्रात जे प्रश्न उपस्थित झाले, त्यांपैकी 'मुलांनी इंटरनेटवर काय पाहावे आणि ते कोणी ठरवावे' हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. पालक, शिक्षक, शासन आणि न्यायालये यांनी आपापल्या परीने त्याची उत्तरे दिली आहेत. ती बहुतांशी एकाच दिशेची आहेत : संगणकावर फिल्टर बसवावा, पडदा सर्वांना दिसेल असा ठेवावा, मोबाईल काढून घ्यावा. ज्याच्या हितासाठी ही व्यवस्था करावयाची, त्या विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद मात्र यांत क्वचितच आढळते.

प्रस्तुत लेखात २००१ पासून या विषयावर झालेले काही अहवाल, नियम, परिपत्रके, ठराव व न्यायनिर्णय यांची चिकित्सा केली आहे. फिल्टर असावा की नसावा, हा येथील वाद नाही. बालकांचे लैंगिक शोषण दाखविणारी सामग्री माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब अन्वये गुन्हा ठरते आणि तिच्यापासून मुलांना दूर ठेवणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. येथील प्रतिपादन वेगळे आहे. फिल्टरचा भार सर्व विद्यार्थ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्या हाती स्वतःचा स्मार्टफोन आहे, त्याला शाळेचा फिल्टर ही किरकोळ अडचण असते. ज्या मुलीला शाळेतील संगणक हेच इंटरनेटचे एकमेव दार आहे, तिच्यासाठी मात्र फिल्टरने जे रोखले ते जगातूनच नाहीसे झाल्यासारखे असते. म्हणून फिल्टर बसविणाऱ्याने त्याची कारणे सांगण्याचे आणि तक्रार ऐकण्याचे बंधन स्वीकारले पाहिजे.

सायबर कॅफेचा कालखंड : २००१ ते २०११

औशासारख्या तालुक्याच्या गावी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंटरनेट म्हणजे प्रामुख्याने सायबर कॅफे होता. दहावी-बारावीचा निकाल पाहणे, प्रवेशअर्ज भरणे यांसाठी विद्यार्थी तेथेच जात. महाराष्ट्रात अल्पवयीनांच्या इंटरनेट वापराची पहिली गंभीर न्यायालयीन चर्चाही सायबर कॅफेच्याच निमित्ताने झाली. इंटरनेटवरील अश्लील सामग्री मुलांना सहज उपलब्ध होते, अशी तक्रार करणाऱ्या पत्राची मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये याचिका म्हणून दखल घेतली व उपाय सुचविण्यासाठी एक विशेष समिती नेमली. या समितीचा अहवाल २००२ च्या प्रारंभी सादर झाला.

या अहवालाचे वैशिष्ट्य असे की, संकेतस्थळे सरसकट बंद करण्याच्या उपायावर समितीने भर दिला नाही. तिचा भर सायबर कॅफेवरील नियंत्रणावर, ग्राहकाच्या ओळखपत्रावर आणि अल्पवयीनांनी उघड्या जागेतील संगणकच वापरावेत यावर होता. पुढे ११ एप्रिल २०११ रोजी केंद्र शासनाने सायबर कॅफेविषयक नियम अधिसूचित केले, त्यांतही हीच दृष्टी कायम राहिली. कॅफेतील आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक असू नये, अल्पवयीन व्यक्तीला प्रौढ सोबत असल्याखेरीज बंदिस्त कक्षात बसू देऊ नये, वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपाव्यात, ही बंधने सक्तीची होती. फिल्टर बसविण्याची तरतूद मात्र ऐच्छिक होती.

या तपशिलात शासनाची मनोभूमिका दिसते. आडोशाची उंची फुटांत मोजली गेली आणि फिल्टर मालकाच्या मर्जीवर सोडला गेला, याचा अर्थ शासनाचा खरा भरवसा यंत्रावर नसून आजूबाजूच्यांच्या नजरेवर होता. आपल्या समाजात ही नजर मुलामुलींवर सारखी पडत नाही. उघड्या जागेत, चार अनोळखी पुरुषांसमोर आपल्या शरीराविषयीची किंवा आजाराविषयीची माहिती शोधण्याचे धैर्य तालुक्याच्या गावातील किती मुलींना झाले असते, हा प्रश्न या नियमांच्या कक्षेत आला नाही.

परिपत्रकातील 'अयोग्य' आणि त्याची व्याप्ती

सायबर कॅफे मागे पडले आणि नियंत्रणाची जबाबदारी शाळेकडे आली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने १८ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या संलग्न शाळांसाठी इंटरनेट व डिजिटल साधनांच्या सुरक्षित वापराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. सर्व संगणकांवर फायरवॉल, फिल्टर व देखरेखीची प्रणाली बसवावी, वयोगटानुसार आधी निवडलेली संकेतस्थळेच विद्यार्थ्यांना दाखवावीत, असे त्यांत सांगितले होते. 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाविषयी त्या वर्षी देशभर जी भीती पसरली होती, तिची पार्श्वभूमी या सूचनांना होती. आपल्या भागातील बहुसंख्य शाळा राज्य मंडळाच्या असल्याने हे परिपत्रक त्यांना थेट लागू नाही. तरीही ज्या विचाराने संगणक कक्ष चालविले जातात, त्याचा तो प्रातिनिधिक नमुना आहे.

या विचारात दोन दोष आहेत. पहिला दोष संदिग्धतेचा. 'अयोग्य' म्हणजे काय, याची व्याख्या कोठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले, त्याचे एक प्रमुख कारण त्या कलमातील शब्दांची संदिग्धता हेच होते. आपल्याच राज्यात पालघर येथे २०१२ मध्ये फेसबुकवरील साध्या मजकुरासाठी दोन तरुणींना अटक झाली होती. संदिग्ध शब्द अधिकाऱ्याच्या हाती पडला म्हणजे काय होते, हे त्या घटनेने दाखवून दिले होते.

दुसरा दोष प्रक्रियेचा. त्याच निकालात न्यायालयाने संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणारे कलम ६९-अ वैध ठरविले, कारण त्यात कारणे लेखी नोंदविण्याची व बाजू ऐकून घेण्याची तरतूद आहे. या तरतुदींच्या प्रत्यक्ष अंमलबजावणीवर, विशेषतः तीतील गोपनीयतेवर, टीका झालेली आहे. तथापि तत्त्व म्हणून केंद्र शासनालाही एखादे संकेतस्थळ रोखताना कारण द्यावे लागते. शाळेतील फिल्टर तेच काम दिवसातून अनेकदा करतो आणि त्याला कोणासही कारण द्यावे लागत नाही. पुष्कळदा ते कारण मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसते, कारण काय रोखावे याची यादी शाळेने केलेली नसून फिल्टर विकणाऱ्या कंपनीने केलेली असते.

यंत्राची कार्यपद्धती आणि मराठी विद्यार्थी

फिल्टर साधारणतः तीन रीतींनी चालतो : ठरावीक संकेतस्थळांच्या यादीवरून, मजकुरातील शब्दांवरून आणि कंपनीने केलेल्या वर्गवारीवरून. शब्दांवरून रोखण्याची मर्यादा फार पूर्वीच उघड झाली आहे. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना एका मोठ्या इंटरनेट कंपनीकडे नाव नोंदविता येईना, कारण गावाच्या नावातील काही अक्षरे मिळून एक अपशब्द तयार होत होता. यंत्राला अक्षरे कळतात, अर्थ कळत नाही, याचे ते उदाहरण जगभर सांगितले जाते.

आपल्या संदर्भात हा प्रश्न अधिक बिकट आहे. राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पाठ्यपुस्तकात प्रजननाचे प्रकरण आहे. त्यातील लैंगिक प्रजननाची आकृती अधिक स्पष्ट पाहावी म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने पाठातीलच शब्द इंग्रजीत लिहून शोध घेतला, तर शब्दांवर चालणारा फिल्टर त्याला अडवू शकतो. म्हणजे पाठ्यपुस्तक मंडळाने जे शिकविण्यास योग्य ठरविले, ते यंत्र अयोग्य ठरविते. याउलट, इंग्रजी शब्दांच्या यादीवर चालणाऱ्या अशा फिल्टरसमोरून मराठीतील शिवीगाळ, विशेषतः रोमन लिपीत लिहिलेली, सहज निसटून जाते. ज्ञान अडते आणि गाळ वाहून जातो, अशी ही उलटी गाळणी आहे.

यात आणखी एक तांत्रिक बाब विचारात घ्यावी लागते. आज बहुतेक संकेतस्थळांची माहिती सांकेतिक रूपात प्रवास करते. त्यामुळे शाळेच्या जाळ्यावरील साध्या फिल्टरला संकेतस्थळाचे नाव दिसते, आतील पान दिसत नाही. परिणामी एक आक्षेपार्ह चित्रफीत रोखावयाची तर संपूर्ण यूट्यूब बंद करावे लागते आणि त्याबरोबर तेथील मराठी माध्यमाचे गणित-विज्ञानाचे पाठही बंद होतात. हे टाळावयाचे तर संगणकातच अशी प्रणाली बसवावी लागते, जी विद्यार्थ्याचे प्रत्येक पान उघडून पाहते. एका मार्गाने ज्ञान जाते, दुसऱ्या मार्गाने खासगीपणा जातो. ही निवड कोणत्या शाळेने कोणत्या बैठकीत केली, याचे लेखी उत्तर क्वचितच मिळेल.

दोन गावे, दोन मार्ग

शाळेबाहेर ग्रामसमाजानेही हा प्रश्न हाताळला आहे. २०२२ मधील दोन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो व साडेआठपर्यंत दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद ठेवावेत, असा निर्णय गावाने घेतला. नांदेडच्या शेजारील यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील बान्सी या गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला. कोरोना काळात ऑनलाईन वर्गांसाठी मुलांच्या हाती मोबाईल आले आणि नंतर ते सुटेनात, ही या पालकांची चिंता खोटी नव्हती.

तथापि दोन्ही निर्णयांचे स्वरूप भिन्न आहे. वडगावात वेळ ठरली आहे आणि नियम थोरामोठ्यांनाही लागू आहे. मुलगा पुस्तक उघडतो तेव्हा वडिलांनीही मोबाईल खाली ठेवावा, अशी तेथे अपेक्षा आहे. बान्सीचा ठराव केवळ वयावर आधारलेला आहे. कायद्याने ग्रामसभा ही मतदारांची असते, म्हणजे ज्यांच्यावर बंदी घातली गेली त्यांच्यापैकी कोणीही त्या सभेचा सदस्य असू शकत नव्हता. बंधन घालणाऱ्याने ते स्वतःवरही घ्यावे आणि त्याची मर्यादा सांगावी, ही साधी नीती पहिल्या गावाने पाळली. शाळांनी अनुकरण करावयाचे तर ते या नीतीचे करावे.

भार कोणावर पडतो?

'असर' या ग्रामीण शिक्षणविषयक सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल चौदा ते अठरा वयोगटावर आधारलेला होता. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के होते. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनाच सुरक्षिततेची साधने ठाऊक होती. २०२४ च्या अहवालानुसार चौदा ते सोळा वयोगटातील ७६ टक्के मुलांनी मागील आठवड्यात स्मार्टफोन समाजमाध्यमांसाठी वापरला होता, तर अभ्यासासाठी वापरणारी मुले ५७ टक्के होती.

या आकड्यांवरून दोन अनुमाने निघतात. एक, ज्या धोक्यांची आपणास काळजी वाटते ते मुख्यतः फोनवर आहेत. संगणक कक्षातील फिल्टर तेथपर्यंत पोहोचत नाही. दोन, ज्यांच्यापर्यंत फिल्टर खरोखर पोहोचतो ती मुले फोन नसलेली, म्हणजे बहुधा गरीब घरची आणि त्यांतही मुली आहेत. फोनवाला मुलगा शाळेत अडलेले पान घरी जाऊन पाहतो. मासिक पाळीतील त्रास, बालविवाहविरोधी कायदा, शिष्यवृत्तीचा अर्ज किंवा मदतीचा क्रमांक शोधणाऱ्या मुलीला तशी दुसरी सोय नसते. संरक्षणाच्या नावाने उभी केलेली भिंत अशा रीतीने ज्याला संरक्षणाची माहिती सर्वाधिक हवी, त्याच्याच वाटेत येते.

लातूर शहराच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे बाहेरगावचे हजारो विद्यार्थी येथे वसतिगृहांत व खोल्यांत राहतात. मुलाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून स्मार्टफोनऐवजी साधा फोन देण्याची रीत येथे सर्वपरिचित आहे. पालकांच्या पोटतिडकीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल आणि प्रवेशफेऱ्या हे सर्व इंटरनेटवरच होत असताना त्याच माध्यमापासून दोन वर्षे दूर ठेवलेला विद्यार्थी पुढे महानगरात एकदम मोकळा सुटतो. तोपर्यंत त्याला बंदी माहीत झालेली असते, विवेक शिकविलेला नसतो.

न्यायालयीन व आंतरराष्ट्रीय भूमिका

केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी फहीमा शिरीन खटल्यात या प्रश्नाला थेट हात घातला. वसतिगृहात ठरावीक वेळी मोबाईल जमा करण्याचा नियम न पाळल्यामुळे एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीला बाहेर काढण्यात आले होते. इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे सांगून न्यायालयाने तिला पुन्हा प्रवेश देण्याचा आदेश दिला. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही आणि ती विद्यार्थिनी शाळकरी नव्हती, ही मर्यादा मान्य केलीच पाहिजे. पण शिस्तीच्या नियमालाही कारण व प्रमाण असावे लागते, हे त्यातील तत्त्व शाळेलाही लागू पडते.

अमेरिकेत २००० मधील कायद्याने अनुदान घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना फिल्टर सक्तीचा झाला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तो ग्रंथालयांच्या संदर्भात वैध ठरविला, मात्र प्रौढ वाचकाने मागणी करताच फिल्टर काढता येतो, ही बाब त्या निर्णयात महत्त्वाची ठरली. पुढे २०१२ मध्ये मिसुरी राज्यातील कॅम्डेन्टन येथील शाळांचा फिल्टर समलैंगिक विद्यार्थ्यांना आधार देणारी संकेतस्थळे रोखतो आणि त्यांच्या विरोधातील संकेतस्थळे खुली ठेवतो, असे आढळल्यावर न्यायालयाने तो वापरण्यास मनाई केली. फिल्टर तटस्थ नसतो, तोही एक मत बाळगतो, हे त्यातून सिद्ध झाले.

भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. तिच्या तेराव्या अनुच्छेदात माहिती मिळविण्याचा व सतराव्यात विविध स्रोतांतील माहितीपर्यंत पोहोचण्याचा हक्क आहे. संबंधित समितीने २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या पंचविसाव्या सर्वसाधारण भाष्यात स्पष्ट म्हटले आहे की, शाळांतील फिल्टर केवळ हानिकारक सामग्री रोखण्यासाठी वापरावेत, माहितीवर बंधन घालण्यासाठी नव्हे. आपल्या परिपत्रकांत या भाष्याचे प्रतिबिंब पडणे अगत्याचे आहे.

देशांतर्गत कायदा मात्र येथे शाळेला अधिक मोकळीक देतो. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास मनाई केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या व टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या नियमांत शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कार्य व सुरक्षितता यांसाठी त्यातून सूट दिली आहे. ही सूट व्यवहारतः आवश्यक असेल, परंतु त्यामुळे शाळेची जबाबदारी वाढते. मुलीने काय शोधले याची नोंद कोण पाहणार, किती दिवस ठेवणार आणि घरी कोणत्या कारणाने कळविणार, हे ठरलेले नसेल तर ही सूट तिच्यावर उलटू शकते.

समारोप

मराठवाड्याला परवानगीची राजवट नवी नाही. निजामी अमलात गश्ती क्रमांक ५३ ने सभा-संमेलनांवर बंधने घातली होती. त्या काळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या संस्थांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी या प्रांतात जागृती घडविली. आजची शाळा म्हणजे निजामी सत्ता नव्हे आणि फिल्टर बसविणारा शिक्षक मुलांचा शत्रू नव्हे. साठ मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला प्रत्येक पडद्याकडे पाहणे अशक्य आहे. तरीही ज्या प्रांतात शाळा व वाचनालय ही ज्ञानाची मोकळी दारे म्हणून लोकांनी उभी केली, तेथे त्याच शाळेने आपल्या दाराला कोणते कुलूप लावले आहे, हे विद्यार्थ्यापासून लपवू नये.

वरील विवेचनावरून पुढील अपेक्षा मांडता येतात.

१) काय रोखले आहे व का, याची मराठीतील यादी संगणक कक्षात लावावी.

२) एखादे उपयुक्त पान अडल्यास ते नोंदविण्यासाठी वही ठेवावी आणि ठरावीक दिवसांत लेखी उत्तर द्यावे. नाव न लिहिता नोंद करण्याची मुभा असावी.

३) पाचवीच्या व बारावीच्या विद्यार्थ्याला एकच फिल्टर लावू नये.

४) आरोग्य, कायदा, शिष्यवृत्ती व मदत-क्रमांक यांची संकेतस्थळे कोणत्याही परिस्थितीत खुली ठेवावीत.

५) शोधाच्या नोंदी कोण पाहील व केव्हा पुसल्या जातील, हे शाळा व्यवस्थापन समितीने किंवा पालक-शिक्षक संघाने विद्यार्थी प्रतिनिधींच्या उपस्थितीत ठरवावे.

६) खोटी माहिती ओळखणे, खाते सुरक्षित ठेवणे, त्रास देणाऱ्याची तक्रार करणे यांचे शिक्षण फिल्टरइतकेच आवश्यक मानावे.

यांपैकी बहुतेक गोष्टींना निधी लागत नाही, एक वही, एक फलक आणि ऐकून घेण्याची तयारी पुरते. विद्यार्थ्याने 'हे पान का अडले?' असे विचारले असता शिक्षकाला उत्तर देता आले, तर त्या फिल्टरला शिक्षणात स्थान आहे. उत्तर कोणापाशीच नसेल, तर ती व्यवस्था मुलांना सुरक्षित करीत नाही. ती त्यांना न विचारण्याची सवय लावते, आणि ही सवय लागलेला नागरिक लोकशाहीला परवडणारा नाही.